टर्की क्रीकचे एकोणीस शब्द

लेम्युएल प्रॅटने उभ्या आयुष्यात कधी शिवी दिली नव्हती. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, कारण तो स्वतःच ते येताजाता सांगायचा. चर्चच्या पायरीवर, पिठाच्या गिरणीत, एवढंच काय, न्हाव्याच्या खुर्चीत तोंडाला फेस लावलेला असतानाही! "चाळीस वर्षं डुकरं पाळतोय मी," तो म्हणायचा, "आणि चाळीस वर्षं डुकरं पाळून ज्याची जीभ स्वच्छ राहिली, त्याला तुम्ही खरं म्हणजे सिनेटवर पाठवायला हवं!"

सिनेटवर त्याला कुणी पाठवलं नाही. टर्की क्रीक टेलिफोन कंपनीचा अध्यक्ष तेवढं केलं.

कंपनी म्हणजे तरी काय? एक तार, सोळा घरं, आणि मिस ड्रुसिला बीमच्या बैठकीच्या खोलीत भिंतीला टेकवलेला प्लगांचा बोर्ड. मिस बीम दिवसभर त्या बोर्डासमोर ताठ बसून या घराची त्या घराशी जोडणी करायची. एका घराचा फोन आला की घंटा सोळाही घरांत वाजायची. प्रत्येक घराची घंटेची खूण वेगळी, आणि ज्याची खूण त्यानेच रिसीव्हर उचलावा असा नियम होता. उचलायचे सोळाहीजण. याला कुणी चोरून ऐकणं म्हटलं तर आम्हाला राग यायचा. शेजाऱ्याची चौकशी नको का करायला?

ही कंपनी लेम्युएलने उभी केली ती अ‍ॅडीसाठी. अ‍ॅडी त्याची एकुलती एक मुलगी. निल्स नावाच्या एका स्वीडिश सुताराशी लग्न करून ती चौदा मैलांवर बटरनटला गेली आणि लेम्युएलला घर खायला उठलं. त्याने घरोघर फिरून लोकांना गळ घातली, स्वतः खड्डे खणून खांब रोवले आणि तार बटरनटपर्यंत नेऊन भिडवली. मग दर रविवारी दुपारी तो त्या लाकडी पेटीसमोर उभा राहून "काय म्हणतेस पोरी?" असं ओरडायचा आणि पुढचा वेळ नुसता ऐकत राहायचा. गेल्या वर्षी अ‍ॅडीचं पहिलं बाळ जन्मताच गेलं. ती बातमीही याच तारेवरून आली होती. आता ती पुन्हा दिवसांत होती, आणि नेमका याच वेळी लेम्युएलच्या बायकोचा, हेस्टरचा पाय तळघराच्या जिन्यात मोडलेला! ती प्लास्टर घालून खुर्चीत, तिला सोडून लेम्युएलला हलता येईना. तो कुणाला बोलून दाखवत नसे, पण कुणाचीही खूण वाजली तरी तो पेटीकडे धावायचा.

अशात पाद्रीबाई मिसेस क्रॅबट्री तक्रार घेऊन आल्या.

"मिस्टर प्रॅट, मी काल मिसेस टकरना अंडी सांगायला फोन उचलला, तर तारेवर कुणीतरी 'टार्नेशन' म्हणालं!"

"कोण?"

"मी नाव घेणार नाही. पण ओबेडाया टकर होते."

आता इथे आमच्याकडची रीत सांगायला हवी. आमच्याकडे शिवी देत नाहीत, पण शिवीच्या फाटकापर्यंत जाऊन परत यायला कुणाची हरकत नसते. देवाचं नाव भलत्या वेळी घेतलं तर पाप, म्हणून 'गॉश' म्हणायचं. 'डॅम' म्हणवत नाही, म्हणून 'डार्न', आणि 'डॅमनेशन'च्या जागी 'टार्नेशन'. नरकाचं नाव काढायचं नाही, म्हणून 'हेक', नाहीतर 'सॅम हिल'. खरा शब्द ओठांवर आला की ऐनवेळी जीभ वळवायची आणि बाजूला दिसेल त्यावर नेऊन आदळायची. या कलेत ओबेडाया टकरचा हात कुणी धरला नसता. त्याच्या बोटावर हातोडा बसला की 'डॅग-नॅबिट'पासून 'जंपिंग जेहोशाफाट'पर्यंत असा काही पट्टा सुटायचा की ऐकणाऱ्याने टोपी काढावी! आणि त्यात खरी शिवी एकही नाही.

लेम्युएलने छाती फुगवली. "काळजी सोडा, बाई. या महिनाअखेरपर्यंत आपल्या तारेवरून वाहणारं बोलणं तुम्ही लहान मुलांच्या शाळेत वाचून दाखवाल! मी अध्यक्ष असताना टार्नेशन?"

सभा शाळेत भरली. लेम्युएलने ठराव मांडला: 'यादीतला कोणताही शब्द, किंवा त्या शब्दाच्या बदल्यात काहीही, जो कोणी तारेवर उच्चारेल त्याचा फोन तीन महिन्यांसाठी काढून नेण्यात येईल. शब्द बाहेरच्याने उच्चारल्यास जोडणी तत्काळ तोडून अर्धा तास बंद ठेवावी. कोणालाही सूट नाही.' टाळ्या पडल्या. मग यादी करायला घेतली, आणि तिथूनच घसरगुंडी सुरू झाली.

कारण आपला शब्द निष्पाप आणि शेजाऱ्याचा घाणेरडा, याबद्दल प्रत्येकाची पक्की खात्री! टकरबाईंनी 'हेक' सुचवला, तो म्हणणाऱ्याच्या बायकोने टकरबाईंचा 'गॉश' सुचवला. 'सॅम हिल'चं नाव निघालं तसा मागच्या बाकावरून एक म्हातारा उठला. घोड्यांचा डॉक्टर. त्याचं नावच सॅम हिल.

"म्हणजे मी शिवी?" त्याने विचारलं. आवाज कापत होता.

"तुम्ही व्यक्तिशः नाही हो," लेम्युएल म्हणाला. "तुमचं नाव तेवढं."

ठराव पास. सॅम हिल चौदाव्या क्रमांकावर गेला.

शेवटी टकर सावकाश उभा राहिला. "एक राहिला. 'बाय द ग्रेट हॉर्न्ड स्पून.'"

लेम्युएलचा चेहरा पडला. हा त्याचा स्वतःचा शब्द! डुक्कर पायावर उभं राहिलं की तो थोरल्या शिंगाच्या चमच्याची शपथ घ्यायचा, आणि तेवढ्यावर त्याचे चाळीस वर्षांचे सगळे राग निघाले होते.

"ही शिवी नाही! हा चमचा आहे!"

"शपथ देवाची घेतात, लेम," टकर गोड आवाजात म्हणाला. "तुझा चमचा कुणाच्या जागी आलाय ते सांग की सभेला."

पंधरा विरुद्ध एक. चमचा एकोणिसावा.

आता ही यादी लोकांना कळवायची कशी? भिंतीवर लावली तर मुलं पाठ करतील. तारेवर वाचून दाखवली तर वाचणाऱ्याचाच फोन जाईल! लेम्युएलने डोकं लढवलं. प्रत्येक शब्दाला क्रमांक आहेच, तर यादी मिस बीमच्या खणात कुलपात ठेवायची, आणि तक्रार करायची ती क्रमांक सांगून. 'अमक्याने अकरा नंबर उच्चारला.' बस्स! कुणाचं तोंड विटाळायला नको. त्या रात्री तो हेस्टरला म्हणाला, "डोकं लागतं त्याला."

"लागतं ना," हेस्टर म्हणाली. "कुठे ठेवलंयस?"

सोमवारी अख्खं टर्की क्रीक यादी क्रमवार म्हणून दाखवायला लागलं होतं. मंगळवारी सकाळी टकरचा फोन आला.

"लेम! तुझं डुक्कर कुंपण मोडून माझ्या मक्यात शिरलंय! अकरा! अकरा रे अकरा! ये आणि घेऊन जा ते पंधरा डुक्कर!"

"ओबेडाया! भाषा!"

"कसली भाषा? मी मोजतोय!"

लेम्युएलच्या अंगाचा तिळपापड झाला. डुक्कर राहिलं मक्यात, आणि त्याने आधी नियम काढून वाचला. 'किंवा त्या शब्दाच्या बदल्यात काहीही.' सापडलं! अकरा हा अकराव्या शब्दाच्या बदल्यात आला, म्हणजे अकराही निषिद्ध. त्याने सगळ्यांना ऐकू जाईल अशी मोठी घंटा वाजवून जाहीर केलं की आजपासून तारेवर एक ते एकोणीस हे आकडे बंद!

पुढचे तीन आठवडे काय झाले ते विचारू नका.

"मिसेस टकर, मला अंडी हवी होती."

"किती, मिसेस क्रॅबट्री?"

"विसातून... जरा कमी."

"जरा म्हणजे किती?"

"ते सांगता आलं असतं तर वीस कशाला म्हटलं असतं?"

"मग वीसच पाठवते."

दर दोन दिवसांनी वीस! पाद्रीसाहेबांच्या घरी सकाळ-दुपार-संध्याकाळ अंडी व्हायला लागली आणि रविवारी प्रवचन देताना ते मधेच थांबून पोटावर हात ठेवू लागले. 'डझन' म्हणून पाहिलं एकीने, तर मिस बीमने तेही बारा नंबरच्या बदल्यात धरलं. कुणाला किती वाजले विचारायची सोय राहिली नाही. घोड्याला पोटशूळ उठला तर सॅम हिलला बोलवायचं कुणाच्या नावाने? 'तो घोडेवाला', 'तो पांढऱ्या मिशांचा' असं करत करत एकदा लोकांनी भलत्याच पांढऱ्या मिशांना बोलावलं, तो निघाला घड्याळजी. चर्चमध्ये पाद्रीसाहेब म्हणाले, "आता गीत क्रमांक अकरा," तर बायकांनी मुलांचे कान झाकले. टकर शेवटच्या रांगेत बसून अत्यंत भाविकपणे हसत होता.

लेम्युएलच्या हट्टापुढे मात्र कुणाचं चालेना. एका शुक्रवारी मिस बीमने सॅम हिलच्या नावाचा एक फोन जाऊ दिला, तर त्याने तिला फैलावर घेतलं.

"घोडा मरायला टेकला होता, मिस्टर प्रॅट."

"घोड्याला सूट असं नियमात कुठे लिहिलंय? दाखवा मला! नियम म्हणजे नियम, मिस बीम. उद्या मी चुकलो तर माझीही गय करू नका!"

"बरं," मिस बीम म्हणाली आणि ते वाक्य तिने वहीत टिपून ठेवलं.

ऑक्टोबरचा शेवटचा बुधवार. दुपार. लेम्युएल सकाळपासून फोनच्या पेटीभोवती येरझारा घालत होता. हेस्टर खुर्चीत विणकाम घेऊन बसली होती आणि सकाळपासून एकच ओळ विणत आणि उसवत होती. दोघांपैकी कुणीही गेल्या वर्षीचं नाव काढत नव्हतं.

घंटा वाजली! लांब, लांब, आखूड. प्रॅटांची खूण. लेम्युएलने झडप घातली.

"हॅलो! हॅलो! निल्स?"

तारेवर खरखर झाली, आणि खुट् खुट् करून बाकीच्या पंधरा घरांचे रिसीव्हर उचलल्याचे आवाज आले. मग निल्सचा तो संथ आवाज. एक वाक्य बोलायला हा माणूस रंधा मारल्यासारखा वेळ घ्यायचा.

"मिस्टर प्रॅट... झालं. इकडे... सात—"

खट्!

लेम्युएल पेटीकडे पाहत राहिला. झालं म्हणजे काय झालं? सात काय? सात वाजता? सात तास झाले? डॉक्टर सात मैलांवर? त्याने हँडल असं फिरवलं की पेटी भिंतीतून उपटून यावी.

"मिस बीम! जोडणी तुटली!"

"तुटली नाही, मिस्टर प्रॅट. मी काढली. बाहेरच्या गृहस्थांनी निषिद्ध आकडा उच्चारला."

"अहो, तो माझा जावई आहे!"

"जावयांना सूट असं नियमात नाही. मी आत्ताच पाहिलं."

"पुढे काय म्हणाला तो?"

"प्लग काढल्यावर मला कसं ऐकू येणार? अर्ध्या तासाने जोडते."

"अर्धा तास?" लेम्युएलने दोन्ही हातांनी पेटी धरली. "मिस बीम, ऐका. अ‍ॅडीचा फोन होता. तुम्हाला माहितीये गेल्या वर्षी काय झालं ते. माझी पोर आहे का नाही एवढं तरी मला कळू द्या हो!"

मग मिस बीम हळू आवाजात म्हणाली, "मला खरंच वाईट वाटतंय. पण मी गय करू नये असं तुम्हीच सांगितलंय. माझ्याकडे लिहून आहे. वाचू?"

मागे हेस्टरच्या हातातलं विणकाम खाली पडलं. "लेम, काय म्हणाला निल्स? लेम, बोल ना!"

लेम्युएलने तोंड उघडलं. चमचा आठवला, चमचा निषिद्ध. टार्नेशन, हेक, डार्न, सगळे एकामागून एक जिभेवर आले आणि प्रत्येकाच्या गळ्यात क्रमांकाची पाटी! सगळ्या पळवाटा त्याने स्वतःच्या हाताने बुजवल्या होत्या. एकच रस्ता उघडा होता, सरळ मधून जाणारा. आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा लेम्युएल प्रॅट तो खरा शब्द बोलला. मूळचा. पुरा. अशा आवाजात की गोठ्यातल्या गाईने मान वर केली!

तो शब्द काय होता ते मी इथे लिहिणार नाही. घरात चारचौघांत हे वाचलं जातं.

कुठेतरी एक रिसीव्हर हातातून पडून भिंतीवर आपटत राहिला. तो पाद्रीसाहेबांच्या घरचा होता असं नंतर सर्वानुमते ठरलं. टकरने खोल श्वास घेतला आणि म्हणाला, "वा!"

मग कागद चाळल्याचा आवाज आला. बराच वेळ.

"मिस्टर प्रॅट," मिस बीम म्हणाली, "हा शब्द यादीत नाही."

"काय?"

"सभेत सुचवायला कुणाची जीभ रेटली नसणार. मी पुन्हा पुन्हा पाहिलं. नाहीये."

"मग... तो बदल्यात धरा! घ्या, माझा फोन घेऊन जा, पण—"

"बदल्यातही बसत नाही. यादीतले सगळे शब्द याच्या बदल्यात आहेत. हा कशाच्याच बदल्यात नाही." तिने घसा साफ केला. "आणि खरं सांगू का? इतक्या आठवड्यांत या तारेवर कुणाला काय म्हणायचंय ते मला आज पहिल्यांदा नीट कळलं. थांबा, बटरनट जोडते. अर्ध्या तासाचं मी बघून घेईन."

खरखर. मग तोच संथ आवाज.

"मिस्टर प्रॅट? तार तुटली होती. मी म्हणत होतो, सा—"

"आकडा नको!" लेम्युएल किंचाळला. "निल्स, माझ्या लेकरा, आकडा उच्चारू नकोस! अ‍ॅडी कशीय तेवढं सांग!"

"अ‍ॅडी? छान आहे. वाटीभर खीर खाल्ली आणि झोपली."

"आणि... बाळ?"

"बाळ? ऐका."

आणि तारेवरून रडण्याचा आवाज आला. बारीक, चिडका, दमदार. चौदा मैलांवरून येऊनही लाकडी पेटी थरथरत होती! सोळाही घरांतून कुणी खोकलंसुद्धा नाही. लेम्युएल भिंतीला कपाळ टेकून उभा राहिला आणि त्याच्या नाकावरून पाणी टपटप रिसीव्हरवर पडलं.

"मुलगी आहे," निल्स म्हणाला. "आवाज अ‍ॅडीच्या बाबांवर गेलाय असं माझी आई म्हणते. वजन मघाशी म्हणालो ना, तेवढे पौंड."

"तेवढे पौंड!" लेम्युएल एकदम उजळला. कसलं वाजणं आणि कसला डॉक्टर, वजन होतं ते! त्याने रिसीव्हर तसाच हातात धरून, पेटीला खांदा लावून मान वळवली आणि खुर्चीतल्या हेस्टरला आनंदाने ओरडून सांगितलं, "हेस्टर! रडू नकोस! नात झाली! सात पौंड! सात पौंडांची धडधाकट नात!"

खट्!

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीचा उपाध्यक्ष म्हणून ओबेडाया टकर स्क्रूड्रायव्हर आणि एक रिकामं खोकं घेऊन आला. हेस्टरने त्याला कॉफी दिली. त्याने सावकाश एकेक स्क्रू काढला, पेटी भिंतीवरून उतरवली, कापडाने पुसली आणि खोक्यात ठेवली.

"तीन महिने, लेम. मला वाईट वाटतंय बघ. पण त्या दुसऱ्या शब्दाबद्दल काही नाही हं! तो एकदम कायदेशीर. मिस बीमने लेखी दिलंय." मग तो दारात थांबला आणि डोळे मिचकावून म्हणाला, "आणि हो, अभिनंदन, आजोबा! पोरगी किती पौंडांची म्हणालास?"

लेम्युएलने त्याच्याकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या त्या चौकोनी पांढऱ्या डागाकडे पाहिलं. आणि उपाध्यक्षांना त्याने एकच शब्द ऐकवला, जो कंपनीच्या नियमांत अगदी तंतोतंत बसत होता.